कुंभार, गाढव आणि काळे उंदीर

प्रयोगशाळेतल्या उंदरांवर क्ष-किरण सोडले तर त्यांच्यातल्या पुष्कळांना काही महिन्यांनी रक्ताचा कर्करोग होतो. का होतो? प्रश्न एवढाच. या एका प्रश्नामागे १९३० च्या दशकापासून शास्त्रज्ञांच्या दोन-तीन पिढ्या लागल्या. त्या वाटेवर रेट्रोव्हायरस नावाच्या विषाणुकुलाचा शोध पक्का झाला, नोबेल पारितोषिके मिळाली, आणि एक सुंदर सिद्धान्त जन्माला येऊन मावळलाही. त्या सिद्धान्ताची ही हकिगत आहे.

हकिगतीआधी एक छोटा शब्दविचार. कारण कशाला म्हणावे, याचा आपल्याकडच्या नैयायिकांनी फार बारकाईने विचार केला आहे. कार्याच्या आधी जे हजर असते ते कारण, एवढे म्हणून ते थांबत नाहीत. घडा तयार होण्याआधी कुंभार असतो, चाक असते, चाक फिरवणारा दांडा असतो. पण आकाशही असते, कुंभाराचा बापही होऊन गेलेला असतो आणि माती वाहून आणणारे गाढवही दारात उभे असते. यांतले आकाश, बाप आणि गाढव ही घड्याची कारणे नव्हेत. नैयायिक त्यांना ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात : कार्याच्या आधी हजर, पण कार्य घडवण्यात ज्यांचा हात मोजता येत नाही, असे. उंदरांच्या ल्युकेमियाच्या बाबतीत कुंभार कोण आणि गाढव कोण, हे ठरवताना जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळांची कित्येक वर्षे गेली.

मी वैद्यक किंवा जीवशास्त्र शिकलेलो नाही. नोकरी कारकुनीची केली. रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनाचा इतिहास गेली पंधरा-सोळा वर्षे जुने शोधनिबंध मिळवून, शब्दकोश शेजारी ठेवून वाचतो आहे. त्या वाचनातून जे चित्र तयार झाले ते इथे मांडतो.

मास्तरीणबाईंचे उंदीर

सुरुवात उंदरांपासूनच करायला हवी, कारण या कथेतले उंदीर रस्त्यावरचे नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रॅनबी या गावी ॲबी लॅथ्रॉप नावाच्या एक निवृत्त शिक्षिका राहत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हौशी लोकांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळून विकण्याचा धंदा सुरू केला. गिऱ्हाइकांत हळूहळू प्रयोगशाळाही आल्या. आपल्या काही उंदरांना गाठी येतात, हे बाईंच्या लक्षात आले. लिओ लोब या विकृतिशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी त्यावर शोधनिबंधही लिहिले. १९१८ मध्ये त्या वारल्या.

त्यांच्याकडच्या उंदरांपासून क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९२१ मध्ये एक वंश सुरू केला. ५७ क्रमांकाच्या मादीपासून निघालेला हा काळ्या उंदरांचा वंश ‘सी-५७ ब्लॅक’ म्हणून प्रसिद्ध झाला. सख्ख्या भावाबहिणींचा संयोग पिढ्यान्‌पिढ्या घडवत गेले की शेवटी सगळे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जुळ्या भावंडांसारखे होतात. एकाचे कातडे किंवा ग्रंथी दुसऱ्याला लावली तरी शरीर ती परकी मानत नाही. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे. लिटल यांनी १९२९ मध्ये मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली आणि तिथून असे शुद्ध वंशाचे उंदीर जगभर जाऊ लागले.

वंशावंशांत फरक होता. सी-५७ ब्लॅक उंदरांना आपोआप ल्युकेमिया क्वचितच होई. उलट जेकब फर्थ यांनी वाढवलेल्या ‘एके’ वंशातले (हाच पुढे एकेआर) बहुतेक उंदीर वर्षभराच्या आत-बाहेर ल्युकेमियाने मरत. साहजिकच निष्कर्ष निघाला की हा रोग आनुवंशिक आहे. त्याच फर्थ यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की अंगभर क्ष-किरण दिले तर एरवी सुरक्षित असलेल्या उंदरांतही ल्युकेमियाचे प्रमाण वाढते. म्हणजे एका रोगाची दोन कारणे दिसू लागली, वंश आणि किरण.

तिसऱ्याची चाहूल दुधातून लागली. जॅक्सन प्रयोगशाळेतल्या जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. स्तनाच्या कर्करोगाने पछाडलेल्या वंशातली पिल्ले जन्मताच उचलून निरोगी वंशाच्या मादीला पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांच्यात तो रोग फारच कमी होतो. म्हणजे जो रोग रक्तातून आल्यासारखा वाटत होता, तो आईच्या दुधातून येत होता. बिटनर यांनी ‘विषाणू’ हा शब्द टाळला आणि ‘दुधातला घटक’ एवढेच म्हटले. कर्करोगाचा आणि विषाणूचा संबंध जोडणे तेव्हा प्रतिष्ठेला धोक्याचे होते. पेटन राउस यांनी १९११ मध्येच कोंबड्यांतल्या गाठीचा विषाणू दाखवला होता, पण त्यांना नोबेल मिळायला १९६६ साल उजाडले. मुंबईत परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या याच स्तनकर्करोगावर वर्षानुवर्षे काम केले. वंश, संप्रेरके आणि विषाणू या तिघांचा मेळ कसा बसतो, हा त्यांचा विषय होता. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, हे त्या शोधातून तेव्हाच दिसू लागले होते.

ग्रॉस यांची पिल्ले

लुडविक ग्रॉस हे पोलंडमधल्या क्राकूवचे डॉक्टर. जन्म १९०४ चा. युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये ते अमेरिकेत पोचले आणि पुढे लष्करी वैद्यकीय सेवेत दाखल झाले. सुरुवातीला त्यांना प्रयोगशाळाही नव्हती. कॉफीच्या डब्यांत उंदीर ठेवून ते मोटारीच्या डिकीतून सोबत नेत, असे सांगतात. नंतर न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांना थोडी जागा मिळाली.

ग्रॉस यांची खात्री होती की एके वंशाचा ल्युकेमिया विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू आईबापांकडून पिल्लांकडे जातो. ल्युकेमियाच्या पेशी वाटून, गाळून ते अर्क काढत आणि निरोगी सी३एच वंशाच्या उंदरांना टोचत. काहीच होत नसे. कित्येक वर्षे काहीच झाले नाही. मग गिल्बर्ट डॉलडॉर्फ यांचे कॉक्सॅकी विषाणूवरचे काम त्यांच्या कानी आले. तो विषाणू मोठ्या उंदरांना बाधत नाही, पण नवजात पिल्लांना बाधतो. ग्रॉस यांनी हाच धागा पकडला. जन्मून काही तासच झालेल्या पिल्लांना त्यांनी अर्क टोचला, आणि ती पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्यात ल्युकेमिया उमटला. १९५१ मध्ये हे प्रसिद्ध झाले.

कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. इतरांनी प्रयोग करून पाहिले ते फसले, कारण पिल्लाचे वय, उंदराचा वंश, अर्क काढण्याची पद्धत यांतले काही ना काही चुकत होते. शेवटी जेकब फर्थ यांच्यासारख्या जाणत्या माणसाने तोच प्रयोग काळजीपूर्वक करून दाखवल्यावर वारे फिरले. १९५७ मध्ये शार्लट फ्रेंड यांनी मोठ्या उंदरांनाही ल्युकेमिया करणारा आणखी एक विषाणू वर्णिला. मग अशा विषाणूंची रांगच लागली.

मांडी झाकली तर

आता क्ष-किरणांकडे वळू. हेन्री कॅप्लान १९४८ मध्ये, वयाच्या तिशीत, स्टॅनफर्डच्या क्ष-किरण विभागाचे प्रमुख झाले. हा माणूस दोन आघाड्यांवर काम करत होता. एडवर्ड गिन्झ्टन या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी रुग्णांसाठी रेषीय त्वरक यंत्र उभारले. १९५६ मध्ये त्यावर डोळ्याचा कर्करोग झालेल्या एका बालकावर उपचार झाले आणि त्याची दृष्टी वाचली. हॉजकिन या लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर किरणोपचाराने मात करण्यात कॅप्लान यांचा वाटा फार मोठा आहे. आणि हाच माणूस त्याच किरणांनी काळ्या उंदरांना कर्करोग कसा होतो, हे तपासत होता.

सी-५७ ब्लॅक उंदरांना चार हप्त्यांत, दर वेळी १७० राँटगेनच्या आसपास क्ष-किरण दिले, तर काही महिन्यांत बहुतेकांच्या छातीतल्या थायमस ग्रंथीत गाठ वाढे आणि तिथून रोग सर्वांगात पसरे. थायमस म्हणजे उरोस्थीमागची, वयात आल्यावर आक्रसत जाणारी ग्रंथी. मराठीत तिला ‘यौवनलोपी ग्रंथी’ असे सार्थ नाव आहे. आधी थायमस काढून टाकली तर रोग जवळजवळ टळे. इथवर सरळ होते : किरण थायमसवर पडले, तिथल्या पेशी बिघडल्या, गाठ झाली.

पण कॅप्लान यांनी पुढचे प्रयोग केले आणि सरळपणा संपला. किरण देताना उंदराची एक मांडी शिशाच्या पत्र्याने झाकली. छाती उघडीच, थायमसवर किरण पूर्ण पडले. तरीही रोग बऱ्याच अंशी टळला. मांडीच्या हाडातली अस्थिमज्जा वाचली होती, एवढाच फरक. मग सगळ्या अंगावर किरण दिले आणि नंतर निरोगी उंदराची अस्थिमज्जा टोचली. तरीही रोग घटला. म्हणजे थायमसमधला बिघाड मांडीतल्या मज्जेने निस्तरला होता.

याहून चक्रावणारा प्रयोग १९५० च्या दशकाच्या मध्यावर झाला. उंदराची थायमस काढून टाकली. त्याला अंगभर किरण दिले. आणि त्यानंतर, किरण कधीच न लागलेल्या त्याच वंशाच्या पिल्लाची थायमस त्याच्या कातडीखाली बसवली. गाठ झाली ती या नव्या, किरण न लागलेल्या थायमसमध्ये. पेशी त्या कलमाच्याच होत्या, हे पडताळून पाहिले गेले.

वाचकहो, क्षणभर थांबून याचा अर्थ लावून पाहावा. ज्या पेशींना किरणांनी स्पर्शही केला नाही, त्याच पेशी कर्करोगाच्या झाल्या. म्हणजे किरणांनी आणखी कोणाला तरी जागे केले आणि त्याने जाऊन हे काम केले, असेच वाटणार. कॅप्लान यांनाही तसे वाटले. १९५९ मध्ये मिरियम लीबरमन आणि कॅप्लान यांनी जाहीर केले की क्ष-किरणांनी झालेल्या गाठींचा गाळलेला, पेशीविरहित अर्क नवजात काळ्या पिल्लांना टोचला, तर किरण न देताही तोच रोग होतो. ग्रॉस यांनीही त्याच सुमारास आपल्या उंदरांत असेच पाहिले होते. या विषाणूला ‘रॅडिएशन ल्युकेमिया व्हायरस’ हे नाव मिळाले. सिद्धान्त पूर्ण झाला : विषाणू शरीरात सुप्त असतो, किरण त्याला मोकळा करतात, मज्जा दुबळी झाल्याने थायमस त्याच्या तावडीत सापडते, आणि विषाणू गाठ घडवतो. विषाणू कुंभार, किरण केवळ दार उघडणारे.

घरातला भाडेकरू

हा सुप्त विषाणू राहतो कुठे, याचे उत्तर १९७० मध्ये मिळाले. हॉवर्ड टेमिन अनेक वर्षे म्हणत होते की कर्करोगाचे आरएनए विषाणू पेशीत शिरून स्वतःची डीएनए प्रत काढतात आणि ती प्रत पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसते. लोक हसत, कारण माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, उलटी नाही, असा तेव्हाचा समज होता. १९७० मध्ये टेमिन यांनी सातोशी मिझुतानी यांच्याबरोबर, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे डेव्हिड बाल्टिमोर यांनी ही उलटी नक्कल करणारे विकर दाखवले. बाल्टिमोर यांनी त्यासाठी वापरला होता तो उंदरांच्या ल्युकेमियाचाच एक विषाणू. उलट्या दिशेने जाणारे म्हणून या विषाणूंना ‘रेट्रोव्हायरस’ हे नाव पडले. १९७५ मध्ये या दोघांना रेनातो दुल्बेको यांच्यासह नोबेल मिळाले.

असा विषाणू बीजपेशींच्या गुणसूत्रात एकदा जाऊन बसला, की तो पुढच्या प्रत्येक पिढीला वारशानेच मिळतो. एकेआर उंदरांच्या पेशी, ज्यांत विषाणूचा मागमूस दिसत नव्हता, त्यांच्यावर एक रसायन टाकताच विषाणू बाहेर पडतो, हे १९७१ मध्ये वॉलेस रो यांच्या गटाने दाखवले. वंश की संसर्ग, हा जुना वाद मिटला, कारण दोन्ही खरे निघाले. रॉबर्ट ह्यूबनर आणि जॉर्ज टोडारो यांनी १९६९ मध्येच मांडले होते की आपल्या सर्वांच्या पेशींत अशी विषाणूंची जनुके झोपलेली असतात आणि किरण, रसायने, म्हातारपण त्यांना जागे करतात. अमेरिकी सरकारने १९६० च्या दशकापासून माणसाचा कर्करोग-विषाणू शोधण्यासाठी मोठा कार्यक्रम चालवला. सापडले म्हणून जाहीर झालेले कितीतरी विषाणू प्रयोगशाळेतल्या प्राण्यांपासून मिसळलेले निघाले. शास्त्रज्ञ थट्टेने त्यांना ‘मानवी अफवा-विषाणू’ म्हणू लागले.

हा प्रश्न उंदरांपुरता का नव्हता

हिरोशिमा आणि नागासाकीवर ऑगस्ट १९४५ मध्ये बॉम्ब पडले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच वाचलेल्यांमध्ये ल्युकेमियाचे रुग्ण दिसू लागले. हिरोशिमाचे डॉ. ताकुसो यामावाकी यांच्या ते ध्यानात आले. पुढे सुमारे १,२०,००० लोकांचा आयुष्यभर मागोवा घेणारा अभ्यास तिथे उभा राहिला. १९५७ मध्ये, अणुचाचण्यांची राख जगभर पडत असताना, फळमाशीच्या आनुवंशिकतेवर काम करणाऱ्या एडवर्ड लुईस यांनी एक लेख लिहिला. बॉम्बमधून वाचलेले, कण्याच्या विकारावर क्ष-किरण घेतलेले रुग्ण, लहानपणी थायमसवर किरण दिले गेलेली मुले आणि क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर अशा चार गटांची आकडेवारी मांडून त्यांनी म्हटले की किरण जितके अधिक तितका ल्युकेमियाचा धोका अधिक, आणि अमुक मर्यादेखाली धोका नाहीच असे मानायला आधार नाही.

काळ्या उंदरांचे वजन इथे पडते. किरण थेट पेशीच्या जनुकावर घाव घालत असतील, तर छोटा घावही घावच. पण ते केवळ सुप्त विषाणूला वाट मोकळी करून देत असतील, मज्जा बरीचशी नष्ट झाल्याशिवाय रोग होतच नसेल, तर थोड्या किरणांची काळजी करायचे कारण उरत नाही. कुंभार कोण, यावर किती किरण सहन करायचे हे ठरणार होते.

हा प्रश्न घराघरातलाही आहे, हे मला एका तालुक्याच्या गावी वाचनालयात याच विषयावर बोललो तेव्हा जाणवले. कार्यक्रम संपल्यावर एक बाई थांबल्या. म्हणाल्या, “दादा, माझ्या मुलाला चौथ्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला होता. बरा झाला तो, आता कॉलेजला आहे. पण तो पोटात असताना माझा एक्स-रे काढला होता. मीच हो म्हटलं होतं. त्याच्यामुळंच झालं का हो?” ऑक्सफर्डच्या ॲलिस स्ट्युअर्ट यांनी १९५६ पासून नेमका हाच प्रश्न शेकडो आयांना विचारला होता आणि गरोदरपणातल्या क्ष-किरणांनी मुलांतल्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे दाखवले होते. पुढच्या हिशेबांत ही वाढ ४० टक्क्यांच्या आसपास धरली जाते. मी बाईंना सांगितले, “मूळ धोकाच इतका लहान आहे, की त्यात ४० टक्के वाढ होऊनही तो लहानच राहतो. एक्स-रे काढलेल्या बहुतेक आयांच्या मुलांना काही होत नाही, आणि हा आजार झालेल्या बहुतेक मुलांच्या आयांचा एक्स-रे काढलेला नसतो. तुमच्या एका मुलाला कशानं झाला, हे कुठलंच शास्त्र सांगू शकत नाही.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे माझ्यावर शिक्का नाही.” तसा तो नाहीच.

सिद्धान्ताला तडे

आधीपासूनच एक गोष्ट खटकत होती. किरणांनी झालेल्या पहिल्या, मूळ गाठींत विषाणू दिसेच असे नाही. तो ठळकपणे सापडे तो गाठीचा अर्क एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरवत नेल्यावर. म्हणजे प्रयोगशाळाच नकळत जहाल विषाणू निवडून काढत होती, अशी शंका घ्यायला जागा होती.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इसाबेल गेरेरो, अँजेल पेलिसेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅमा किरणांनी झालेल्या उंदरांच्या थायमस गाठी तपासल्या. ‘के-रास’ नावाच्या, पेशींच्या वाढीवर लगाम ठेवणाऱ्या साखळीतल्या जनुकात त्यांना बदल सापडला. हा बदल उंदराच्या स्वतःच्या जनुकातला, विषाणूने आणलेला नव्हे. पुढे जपानी गटांनी अशाच गाठींत ‘नॉच-१’ आणि ‘बीसीएल-११बी’ या जनुकांचे तुकडे गळालेले दाखवले. अपराधाच्या जागी विषाणूच्या बोटांचे ठसे बहुधा नव्हतेच.

मग कॅप्लान यांच्या कलमाचे काय? किरण न लागलेल्या थायमसला गाठ का झाली? याचे पटणारे उत्तर माझ्या वाचनात आले ते २०१४ च्या एका शोधात, आणि त्यात किरणही नव्हते, विषाणूही नव्हता. व्हेरा मार्टिन्स, हान्स-राइमर रोडेवाल्ड आणि सहकारी यांनी निरोगी थायमस अशा उंदरांत बसवली, ज्यांची मज्जा थायमसला नव्या पेशी पुरवू शकत नाही. एरवी मज्जेतून सतत येणाऱ्या ताज्या दमाच्या पेशी थायमसमधल्या जुन्यांना हुसकावून लावतात. ताज्या आल्या नाहीत, तर जुन्या तिथेच मुक्काम ठोकतात, पुनःपुन्हा विभागतात, आणि त्यांच्यातून ल्युकेमिया उभा राहतो. आता मांडीचा प्रयोग आठवून पाहा. मांडी झाकली की ताज्या पेशींचा ओघ चालू राहतो. मज्जा टोचली की तो पुन्हा सुरू होतो. सगळी मज्जा जळाली की कलम केलेली निरोगी थायमसही ताज्या पेशींविना पडून राहते. कॅप्लान यांचे निरीक्षण अचूक होते, असे मला वाटते. त्यांना दिसलेल्या रिकाम्या जागी त्यांनी विषाणू बसवला. तिथे होता तो पुरवठ्याचा अभाव.

म्हणून विषाणू निष्पाप ठरतो का? मुळीच नाही. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात १९९९ पासून, जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलग्यांवर जनुकोपचार सुरू झाले. निरोगी जनुक पेशीत पोचवायला वाहन म्हणून वापरला तो उंदरांच्या ल्युकेमियाचाच, जॉन मोलोनी यांनी १९६० मध्ये वेगळा केलेला विषाणू. वाढू न शकणारा, पाळीव केलेला. मुलांना प्रतिकारशक्ती आली. पण काही वर्षांत पॅरिसच्या चार आणि लंडनच्या अशाच उपचारातल्या एका मुलाला ल्युकेमिया झाला. त्यांतला एक दगावला. त्यांतल्या बहुतेकांत विषाणू नेमका ‘एलएमओ-२’ या जनुकाशेजारी जाऊन बसला होता आणि त्याने ते जनुक चेतवले होते. ठसे इथे स्पष्ट होते. ग्रॉस यांच्या पिल्लांतही विषाणूच कुंभार होता. काळ्या उंदरांवर किरण पडले तेव्हा मात्र तो बहुतेक वेळा केवळ दारात उभा होता.

नागासाकी

या सगळ्या वादाची एक कसोटी इतिहासानेच माणसांवर घेतली आहे. जपानच्या नैर्ऋत्य भागात, विशेषतः क्यूशू बेटावर, प्रौढ वयात होणारा एक वेगळा टी-पेशींचा ल्युकेमिया आढळतो, हे कियोशी ताकात्सुकी आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये नोंदवले. १९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या गटाने माणसातला पहिला रेट्रोव्हायरस, एचटीएलव्ही-१, जाहीर केला. या जपानी ल्युकेमियाचे कारण तोच निघाला. आणि नागासाकी क्यूशूवरच आहे.

म्हणजे ज्या शहरात लोकांच्या अंगात ल्युकेमियाचा रेट्रोव्हायरस पिढ्यान्‌पिढ्या होता, त्याच शहरावर १९४५ मध्ये किरणांचा वर्षाव झाला. कॅप्लान यांचा सिद्धान्त माणसाला जसाच्या तसा लागू असता, तर किरणांनी या विषाणूला मोकळे रान दिले असते आणि तोच ल्युकेमिया सर्वांत जास्त वाढला असता. १९९४ मध्ये वाचलेल्यांच्या रक्तकर्करोगांचा तपशीलवार हिशेब प्रसिद्ध झाला. ल्युकेमियाचे इतर मुख्य प्रकार किरणांच्या प्रमाणात वाढलेले दिसले. विषाणूमुळे होणाऱ्या या टी-पेशींच्या ल्युकेमियात तशी वाढ दिसली नाही. किरण आणि विषाणू एकाच गावात, एकाच माणसांत राहूनही आपापली वेगळी कामे करत राहिले.

एचटीएलव्ही-१ मुख्यतः आईच्या दुधातून बाळाकडे जातो. बिटनर यांच्या उंदरांतला दुधातला घटक माणसांतही एका वेगळ्या रूपात होताच. नागासाकी जिल्ह्यात १९८७ पासून गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू झाली आणि ज्यांच्यात विषाणू आढळला त्यांना बाळाला अंगावर न पाजता वरचे दूध देण्याचा सल्ला दिला जाऊ लागला. आईकडून बाळाकडे संसर्ग जाण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. आपल्या अंगातले दूध बाळाला न पाजणे किती जड जाते, हे कुठल्याही आईला विचारावे. पण त्या सल्ल्यामागे कारणाची खात्री होती आणि म्हणूनच तो देता आला. बॉम्बमधून वाचलेल्यांना अशी दुधाची बाटली कोणी देऊ शकत नव्हते. त्यांच्या ल्युकेमियाचा कुंभार वेगळा होता, आणि त्याला अडवण्याची एकच वेळ होती, ती ऑगस्ट १९४५ च्या आधीची.

कॅप्लान १९८४ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, के-रासचा शोध लागला त्याच वर्षी. ग्रॉस यांना १९७४ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. ते १९९९ पर्यंत जगले. सी-५७ ब्लॅक उंदराचा संपूर्ण जनुकसंच २००२ मध्ये वाचला गेला, आणि त्याचा सुमारे दहावा भाग जुन्या रेट्रोव्हायरसच्या अवशेषांनी भरलेला निघाला. माणसाच्या जनुकसंचात हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे गाढव आपल्या सगळ्यांच्याच दारात बांधलेले आहे, आणि बहुतेक वेळा ते शांतपणे उभे असते. कधीकधी ते खरोखरच चाकावर जाऊन बसते, हे पॅरिसच्या मुलांनी दाखवले. म्हणून प्रत्येक वेळी नव्याने पाहावे लागते. गाढवालाच कुंभार समजून बांधून ठेवले, तर आपण निश्चिंत होतो, आणि चाक मात्र फिरतच राहते.